ऐकणाऱ्याला धरून

अण्णा मगदुमांची उमेदीची वर्षं सांगलीच्या जकात नाक्यावर गेली. ताडपत्री उचलून बघितल्याशिवाय त्यांनी एकही ट्रक सोडला नाही. कांद्याखाली तंबाखू, तंबाखूखाली सुपारी आणि सुपारीखाली ड्रायव्हरचा मेहुणा, असं सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. पुढं सरकारनं जकात बंद केली. संशय बंद करण्याबद्दल मात्र कुठलाच आदेश निघाला नाही, म्हणून तो अण्णांनी चालू ठेवला.

ते निवृत्त होऊन घरी बसले आणि सांगलीच बदलली. हळदीतल्या कुठल्याशा रेणूनं म्हाताऱ्या सांध्यांतली झिजलेली कूर्चा पुन्हा वाढते, असं सिद्ध झालं. मग काय, निम्म्या जगातले रसायनशास्त्रज्ञ गावात भाड्यानं घरं शोधू लागले. मार्केट यार्डाशेजारी व्हिएतनामी खानावळ निघाली. ब्राझीलचा एक गृहस्थ गल्लीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार झाला, आणि तो पावत्या देतो अशी तक्रार आली. अण्णांचा मुलगा नंदू, म्हणजे अभिनंदन, त्याच प्रयोगशाळेत होता. त्यानं तिथल्या एका पोलिश मुलीशी लग्न केलं. मुलीचं नाव आग्न्येश्का. गल्लीतल्या बायकांनी ते चार दिवस चघळून पाहिलं आणि अग्निशिखा करून टाकलं. अण्णा त्यातलं शिखा तेवढं वापरत.

एवढी जातीजातीची माणसं एकत्र नांदत होती ती सेतूमुळं. सेतू म्हणजे कानात घालायचं यंत्र, भिजलेल्या हरभऱ्याएवढं. समोरचा त्याच्या भाषेत बोलतो आणि आपल्या कानात ते आपल्या भाषेत, पण त्याच्याच आवाजात उतरतं. सरकारनं ते रेशनकार्डाइतकं घरोघर पोचवलं होतं. अण्णा त्याला कर्णपिशाच्च म्हणत आणि अंघोळीच्या वेळी तेवढं काढत.

सेतू आल्यापासून गावात भाषेवरून, जेवणाच्या वासावरून, जिन्यात काढलेल्या चपलांवरून एकही भांडण झालं नव्हतं. वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक यायचं. अण्णांना नेमकं हेच खटकायचं. सहा देशांची माणसं एका लिफ्टमध्ये अडकली, तास गेला, आणि बाहेर पडताना सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले, अशी बातमी वाचून ते म्हणाले होते की त्या लिफ्टची झडती घ्यायला पाहिजे.

तर त्या दिवशी तिघं जेवायला बसले होते. ऊन अजून होतं. मगदूम जैन, दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात पान वाढत नाहीत. शिखानं आमटी वाढता वाढता सांगितलं, "मार्चमध्ये आपण ग्दान्स्कला जाऊ. माझ्या आईच्या गावी. संस्था तिथं शाखा काढतेय. समुद्राजवळ मोठं घर मिळणार आहे."

अण्णांनी घास तसाच धरून ठेवला. आपण. बायको गेल्यापासून या घरात कुणी त्यांना कुठल्या बेतात धरून बोललं नव्हतं. बोलले तरी ते डॉक्टरकडं न्यायच्या बेताबद्दल. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, फक्त आमटी आणखी मागून घेतली. तिखट असूनही.

नंदू म्हणाला, "हो. जायचं ठरतंय."

दुसऱ्या दिवशी बागेतल्या बाकावर त्यांनी तवनाप्पा चौगुल्यांना ही बातमी सांगितली. तवनाप्पा म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र, कानानं अधू आणि उत्साहानं भरलेला. ग्दान्स्क हा शब्द अण्णांच्या तोंडात बसेना. तवनाप्पांना तो गदग असा ऐकू गेला. गदगला काय, मिरजेतून गाडी आहे, त्याला मार्चपर्यंत कशाला थांबायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. समुद्राचा उल्लेख झाल्यावर त्यांनी भूगोलाबद्दल शंका काढली. शेवटी जमिनीवर काडीनं नकाशा काढावा लागला. परदेश आहे हे कळल्यावर मात्र तवनाप्पांनी आठवड्याच्या आत ज्येष्ठ नागरिक संघातर्फे निरोप समारंभ उरकून घेतला. शाल, नारळ, दोन भाषणं. एका वक्त्यानं अण्णांचा उल्लेख 'कै.' असा केला आणि लगेच सावरून घेतलं.

आता शाल आणि नारळ घेतल्यावर माणसाला गावात राहता येत नाही. राहिला तर रोज कुणीतरी विचारतं, "अजून इथंच?" अण्णांनी सगळ्या गल्लीचा निरोपही घेऊन टाकला होता. कढीपत्त्याची कुंडी समोरच्यांकडं गेली. सायकल तवनाप्पांच्या नातवाला गेली.

आणि मग जयसिंगपूरहून सुवर्णाचा फोन आला. सुवर्णा म्हणजे त्यांची थोरली मुलगी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "अण्णा, तुम्हाला खालचीच खोली बरी पडंल न्हवं? गुडघ्यामुळं?"

"कधी?"

"न्हाई, असंच इचारलं," सुवर्णा म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून तिनं फोन ठेवला. शिट्टी अण्णांना ऐकू आली नव्हती.

अण्णा खुर्चीत बसून राहिले. खोली खालची. गुडघ्यामुळं. असंच. पोरगी आईवर गेली होती, तिला खोटं बोलताना कुकर लागतो. जयसिंगपुरात त्यांच्यासाठी खोली तयार होत असेल तर ग्दान्स्कच्या 'आपण'मध्ये ते नव्हते. मग त्यांना 'आपण' ऐकू कसं आलं?

संध्याकाळी त्यांनी नंदूला गाठलं. तिकडं थंडी किती असते, असं विचारलं. असते म्हणतात, असं उत्तर आलं. मग आपल्याला जाड स्वेटर लागेल का, यावर स्वेटर असलेला बरा, असं उत्तर आलं. पासपोर्टचं काय, तर बघायचं. कधी बघायचं, तर बघितलं पाहिजे.

मराठीत कर्त्यावाचून वाक्य उभं राहतं, ही या भाषेची मोठी सोय आहे. ठरतंय, बघायचं, झालं पाहिजे, असं म्हणत माणूस अख्खं आयुष्य काढू शकतो आणि कशातच सापडत नाही. बायको आणि बाप यांच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाला ती सोय फार उपयोगी पडते. अण्णांना मात्र त्यावेळी नंदूचा संशय आला नाही. पोरगा बापडा; त्याच्याकडून वदवून घेणारी दुसरीच आहे, हे त्यांनी ताडलं. सून परकी, यंत्र परकं, म्हणजे माल त्या बाजूनंच येत असणार.

म्हणून दुसऱ्या दिवशी शिखा आईशी फोनवर बोलत असताना अण्णांनी दाराआड उभं राहून सेतू कानातून काढला. पोलिश भाषा ते पहिल्यांदाच उघडी ऐकत होते. पाण्यातून पाऊल ओढत चालावं तसे आवाज. त्यातून एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो त्यांच्या ओळखीचा होता. मी. अमुकमी, तमुकमी, मग एकदा नुसतंच, ठासून, मी.

अण्णांनी यंत्र कानात घातलं. "आपण तिथं बाग करू," शिखा सांगत होती. काढलं. मी. घातलं. आपण. काढलं. मी.

ताडपत्री उचलली गेली होती. बाई सरळ मी मी करत होती आणि कर्णपिशाच्च त्याचं 'आपण' करून त्यांच्या कानात ओतत होतं.

सेतूचं दुरुस्ती केंद्र बसस्टँडमागं होतं. तिथं शमा मुजावर नावाची तरुण इंजिनिअर बसायची. अण्णांनी यंत्र तिच्यासमोर ठेवलं आणि हे खोटं बोलतं अशी तक्रार नोंदवली. कुणाबद्दल, असं तिनं विचारलं. अण्णांनी घडलेलं सांगितलं. ती आधी हसली, मग त्यांचं वय बघून गंभीर झाली.

"काका, पोलिशमध्ये 'मी' म्हणजे मी नव्हे. 'मी' म्हणजे आपण."

"म्हणजे मी म्हणजे आपण?"

"आपण, किंवा आम्ही."

"आपण की आम्ही? दोन्हीत फरक आहे, बाई."

"आपल्याकडं आहे," शमा म्हणाली. "त्यांच्याकडं नाही."

मग तिनं खुर्ची पुढं ओढून नीट समजावून सांगितलं. आपण म्हटलं की ऐकणारा त्यात आला. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. मराठीत पोरालाही हे न शिकवता येतं. जगातल्या बऱ्याच भाषांत दोघांना मिळून एकच शब्द असतो, आणि ऐकणारा आत की बाहेर, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. माणसं ओळखतात. यंत्राला ओळखता येत नाही, पण मराठीत बोलायचं तर त्याला कुठलातरी एक शब्द निवडावाच लागतो.

"मग ते कशावरून निवडतं?"

शमानं सेतूची आतली बाजू दाखवली. कातडीला टेकणारा एक बारीक सोनेरी ठिपका होता. पहिले दुभाषे अगदी अचूक होते, ती म्हणाली. शब्दाला शब्द. त्यामुळं भयंकर मारामाऱ्या झाल्या. तेव्हा या पिढीच्या यंत्रांना ठिपका दिला. तो ऐकणाऱ्याची नाडी आणि कातडीचा ओलावा सतत बघत असतो. एका वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर यंत्र दोन्ही मनातल्या मनात जुळवून बघतं, आणि जो ऐकून या माणसाची नाडी शांत राहील असं त्याला आजवरच्या अनुभवानं वाटतं, तो कानात सोडतं. हे सगळं पापणी लवायच्या आत.

"म्हणजे खोटं बोलतं."

"नाही हो. दोन खऱ्यांतलं तुम्हाला सोसणारं देतं."

"आणि मला आपणच सोसतं?"

शमानं यंत्रातला आलेख पडद्यावर आणला. 'आम्ही' शब्दापाशी अण्णांची नाडी कशी उडते हे त्यात दिसत होतं. बायको गेल्यानंतरच्या वर्षात तर टेकाडंच टेकाडं होती. अण्णांनी नजर दुसरीकडं वळवली. स्वतःच्या ताडपत्रीखालचा माल असा परक्या पोरीच्या टेबलावर मांडलेला बघायची त्यांना सवय नव्हती.

"तिच्या मनात काय आहे ते मला कळायला पाहिजे," ते म्हणाले. "बाकी काही नको."

"मग विचारा की त्यांना."

"यंत्रातनं?"

शमानं जरा विचार केला. मग तिनं दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. यंत्र कानात घालू नका, म्हणाली. टेबलावर ठेवा, आवाज मोठा करा. कातडी नाही म्हणजे नाडी नाही. नाडी नाही म्हणजे त्याला निवडता येत नाही. अडलं की ते थांबतं आणि बोलणाऱ्यालाच विचारतं. कंपनीला ते आवडत नाही, लोक वैतागतात. पण सोय आहे.

रविवारी सकाळी नंदू कुठंतरी गाडी धुवायला गेला होता. शिखा ओट्यापाशी पिएरोगी करत होती. हा तिच्या गावचा पदार्थ. अण्णा त्याला उकडलेल्या करंज्या म्हणत. तिकडं त्यांत बटाट्याचं सारण घालतात. ही कच्च्या केळ्याचं घालत असे. बटाटा जमिनीखालचा, म्हणून या घरात चालत नाही. आणि लग्न होऊन आल्यापासून तिनं तो ना घरात आणला ना बाहेर खाल्ला. प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये सगळे वडापाव खात तेव्हा ती नुसता पाव खायची, असं नंदूनं एकदा सांगितलं होतं. अण्णांना तेव्हाही जरा संशयच आला होता. इतकं निमूटपणे कुणी काही सोडत नसतं.

त्यांनी पिठानं भरलेल्या पाटाशेजारी आपला सेतू ठेवला आणि तिला खुणेनं कानातला काढायला सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण तिनं काढला.

"मार्चचं परत सांग," अण्णा म्हणाले. "कोण जाणार ते."

ओट्यावरून यंत्र पोलिशमध्ये बोललं. शिखा गोंधळून हसली आणि तिनं उत्तर दिलं. वाक्याच्या शेवटी तोच 'मी' आला. अण्णा वाट बघत राहिले. यंत्र गप्प झालं. मग ते आधी पोलिशमध्ये आणि नंतर मराठीत, रेल्वेच्या सूचनेसारख्या सपाट आवाजात म्हणालं, "वाक्य अपुरं आहे. ऐकणाऱ्याला धरून की वगळून?"

शिखाचे पिठाचे हात तसेच राहिले. असला प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. तिनं यंत्राकडं बघितलं, मग अण्णांकडं. मग तिला सावकाश काहीतरी उमगत गेलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आलेला भाव अण्णा चांगला ओळखत होते. झडती घेतली जातेय हे कळल्यावर कागदात लिहिलेलाच माल भरलेल्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर तो यायचा.

ती थोडं बोलली. यंत्र म्हणालं, "धरून."

आणि तेवढ्यावर न थांबता ती बोलत राहिली. यंत्र तिच्यामागून धापा टाकत आल्यासारखं तुकड्यातुकड्यांनी सांगत होतं. तुम्हाला शंका का आली, असं ती विचारत होती. "पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलंत. मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात..." यंत्र अडलं. "वाक्य अपुरं आहे. ऐकणाऱ्याला धरून की वगळून?" शिखा त्याच्यावर खेकसली. "धरून. तुम्ही म्हणालात, आपल्यात बटाटा खात नाहीत. मला किती बरं वाटलं होतं. बाहेरच्या माणसाला कुणी घरचे नियम सांगत नाही. त्याला बटाटा वाढतात आणि पाठीमागं नावं ठेवतात. माझ्या सावत्र वडिलांच्या घरात मी वाटेल ते खाऊन मोठी झाले. तिथं मला कुणी कधी आपल्यात म्हटलं नाही."

अण्णांनी खुर्ची ओढली आणि बसले.

तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. दारात उंच, गोरी, चुकीच्या पायानं माप ओलांडलेली मुलगी. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं आणि पहिलं वाक्य तेच बोलले होते. आमच्यात बटाटा खात नाहीत. आमच्यात. शब्द त्यांनी निवडून घेतला होता. कुंपणाला तार मारावी तसा. तिच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. तार वाटेतच गळून पडली आणि तिला नुसतं दार ऐकू गेलं. त्या एका शब्दावर ही मुलगी आजवर बटाट्यावाचून राहिली होती.

तेवढ्यात नंदू आला. ओट्यावरचं यंत्र, शिखाचा चेहरा आणि बसलेले अण्णा असं सगळं एका नजरेत बघून तो परत जायला वळला. शिखानं त्याला थांबवलं. दोघं एरवी एकमेकांशी इंग्रजीत बोलत. गेले सहा महिने तू 'वुई' म्हणत होतास, ती पोलिशमध्ये म्हणाली आणि यंत्रानं ते मराठीत केलं, तर त्यात कोण कोण होतं?

नंदूनं पंख्याकडं बघितलं.

"तसं नक्की काही ठरलं नव्हतं," तो म्हणाला. "अण्णांना तिकडची थंडी सोसेल न सोसेल, म्हणून सुवर्णाताईशी बोलणं झालं होतं. जयसिंगपूरला सोय होऊ शकते, असं वाटलं होतं."

यंत्र बराच वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "वाक्यात कर्ता नाही. कर्ता कोण?"

"ते बंद करा ना, अण्णा," नंदू म्हणाला.

अण्णांनी हात लावला नाही.

"कर्ता कोण?" यंत्रानं पुन्हा विचारलं. त्याला घाई नव्हती.

माणसाची आयुष्यभर जपलेली सोय अशी हातातून काढून घेतली की तो फार उघडा पडतो. "मी," नंदू शेवटी म्हणाला. "मी ठरवलं. मी सुवर्णाताईला सांगितलं. हिला काही माहीत नव्हतं. हिला वाटत होतं तिघं जाणार. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो."

यंत्रानं ते झटकन पोलिशमध्ये सांगितलं. आता त्याला काहीच अडचण नव्हती. शिखानं पाटावरचं पीठ उगाचच सारखं केलं. अण्णांना मुलाचा राग यायला हवा होता, पण आला तो जरा बाजूला सरकून स्वतःवर आला. इतके दिवस ते भलत्याच ट्रकपाशी उभे होते.

मग शिखानं मान वर केली आणि तिला सुचायलाच हवा होता तो प्रश्न विचारला. तुमच्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत का? आहेत, असं नंदू म्हणाला. तर पहिल्या दिवशी अण्णा कुठला बोलले होते?

खोलीत त्या दिवशी हजर असलेला आणि मराठी कळणारा दुसरा माणूस म्हणजे नंदू. तो अण्णांकडं बघत होता. त्याच्या नजरेत अर्ज होता. बापानं आता इकडंतिकडं केलं असतं तर त्यानंही केलं असतं, आणि दोघांचं भागलं असतं. 'आपल्यात' म्हणालो होतो, एवढंच बोलायचं. तीन अक्षरं आणि एक जोडाक्षर. पण आत्ताच पोराकडून कर्ता काढून घेतला होता.

"मी 'आमच्यात' म्हणालो होतो," अण्णा म्हणाले. "'आपल्यात' नव्हतो म्हणालो."

यंत्रानं इमानदारीत भाषांतर केलं. पण पोलिशमध्ये दोन्हीला एकच शब्द. 'मी आपल्यात म्हणालो होतो, आपल्यात नव्हतो म्हणालो' असंच काहीसं तिला ऐकू गेलं असणार, कारण गुडघ्यांपाठोपाठ डोकंही गेलेल्या माणसाकडं बघावं तशी ती अण्णांकडं बघू लागली. यंत्रानं कृपया पुन्हा सांगा, अशी विनंती केली.

सुटका समोर उघडी होती. राहू दे, म्हणायचं आणि उठायचं. अण्णा उठले, पण पाटाकडं गेले. भरलेल्या करंज्यांतल्या तीन उचलून त्यांनी पिठात मांडल्या. हा मी. हा नंदू. ही तू. मग पहिल्या दोघींभोवती बोटानं गोल काढला. तिसरी बाहेर राहिली. "आमच्यात," ते म्हणाले. हातानं तो पुसला आणि तिघींभोवती मोठा गोल काढला. "आपल्यात." मग तोही पुसून पहिलाच परत काढला आणि त्यावर बोट ठेवलं. "त्या दिवशी, हा."

शिखा बाहेर पडलेल्या करंजीकडं बघत राहिली. गॅसवर पाण्याला आधण आलं होतं. तिनं विचारलं, तेव्हापासून आजपर्यंत?

"नाही," अण्णा म्हणाले. "मधे कधीतरी बदललं. कधी ते मलाही सांगता यायचं नाही. तोंडात मात्र जुनाच शब्द बसलेला."

हे यंत्राला जमलं. शिखानं ते ऐकलं. तिचे डोळे भरले होते की वाफेनं ओले झाले होते, ते अण्णांच्या चष्म्यातून दिसत नव्हतं. मग तिनं तळव्यानं गोल पुसून टाकला. आपली करंजी उचलून अण्णांच्या करंजीला चिकटवून ठेवली आणि त्या दोघींभोवती नवा गोल काढला. नंदूची बाहेर राहिली. ती नवऱ्याकडं वळली आणि यंत्राला न विचारता, स्वतःच्या तोंडानं, प्रत्येक शब्द दगडासारखा ठेवत मराठीत म्हणाली, "आम्ही जाणार. मार्चमध्ये."

"आम्ही म्हणजे?" नंदू म्हणाला.

तिनं गोलातल्या दोन करंज्या झाऱ्यावर घेतल्या आणि पाण्यात सोडल्या.

तिला फरक कळला होता की शब्द चुकून नेमका पडला होता, हे अण्णांना ठरवता येईना. तिच्या पाठीवरून काही समजत नव्हतं. विचारता आलं असतं. यंत्र तिथंच होतं. त्यांनी यंत्राचं बटण दाबून ते बंद केलं आणि ताटं घ्यायला वळले.

नंदू पाटापाशी उभा होता. तिसरी करंजी पिठात एकटी पडली होती.

"ही राहिलीय," तो म्हणाला. "हीपण टाकायची ना?"

"कुणी?" शिखानं मराठीत विचारलं. तिनं मागं वळून बघितलं नाही.

नंदूनं जरा वेळ वाट बघितली. मग त्यानं ती हातानंच उचलली, पातेल्यावर वाकला, आणि बोटं भाजली तरी नीट, आवाज न करता, पाण्यात सोडली.